मदत हवी आहे: एलियनच्या मागे लागलेले दोन पोलिस, सिनेमाचं नाव काय?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. एका जुन्या इंग्लिश सिनेमावरून माझं नि दादाचं वाजलंय, सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाची पैज लागलीये.

९३-९४ साल असेल, रामबागेत मामेभावाच्या मुंजीला घर भरलेलं, व्हीसीआर भाड्याने आणलेला आणि सकाळी परत द्यायचा म्हणून एका रात्रीत तीन कॅसेटी. पहिली हिंदी होती, ती सोडा. मला आठवतं ते असं की एक धिप्पाड पोलिस, कुणाचं न ऐकणारा, आणि त्याच्या गळ्यात मारलेला सूटबूटवाला एफबीआयचा माणूस, दोघांचं अजिबात पटत नाही. एलियन म्हणजे पांढऱ्या केसांचा राक्षस, लोकांना हेरॉइन टोचतो आणि मग कपाळात सुई खुपसून मेंदूतून काहीतरी ओढून घेतो!! शिवाय त्याच्याकडे सीडीसारखी चकती, भिंतींवर आपटत गळे कापत फिरते. नंतर कितीतरी दिवस मी रात्री एकटा मोरीत जात नव्हतो.

दादा म्हणतो छे, एलियन हा किडा होता, तोंडावाटे एका माणसातून दुसऱ्यात शिरायचा, एकदा तर कुत्र्यात शिरला, आणि फेरारी चोरून जोरात गाणी लावून पळवायचा. असलं काही मला बिलकुल आठवत नाही. कोण बरोबर?

प्रतिसाद:
दोघंही. हे दोन वेगळे सिनेमे आहेत. तुमचा १९९० चा डार्क एंजल, अमेरिकेत आय कम इन पीस नावाने लागला, धिप्पाड पोलिस म्हणजे डॉल्फ लुंडग्रेन, गोष्ट ह्यूस्टनची. दादांचा १९८७ चा द हिडन, लॉस एंजेलिसमधला. त्यातही एक पोलिस नि एक एफबीआयवाला, म्हणून गोंधळ झाला असेल, फक्त त्यातला तो गप्प गप्प एफबीआयवाला, काइल मॅकलॅकलन, स्वतःच एलियन निघतो. माझ्या मते दादांचा जास्त भारी आहे, तुमच्यात चकती सोडली तर नुसती मारामारी.

धागाकर्ता:
आभार!! आईला विचारलं, तर म्हणे तिसरी लागली तेव्हा तू माझ्या मांडीवर घोरत होतास. दादाने दोन्ही पाहिले आणि चकतीवाला विसरला, मी एकच पाहिला. आता कीस कोण खिलवणार ते पण सांगा.