मास्टर्स करून अमेरिकेत 'सायकॉलॉजिस्ट' होता येतं का?

बहुतेक राज्यांत नाही. 'सायकॉलॉजिस्ट' या लायसन्ससाठी डॉक्टरेट, साधारण वर्षभराची इंटर्नशिप आणि ईपीपीपी ही सायकॉलॉजिस्टच्या लायसन्ससाठीची २२५ प्रश्नांची परीक्षा लागते. 'काउन्सेलिंग सायकॉलॉजी'तल्या मास्टर्सचा रस्ता मुख्यतः एलपीसी (लायसन्स्ड प्रोफेशनल काउन्सेलर) किंवा एलएमएचसी (लायसन्स्ड मेंटल हेल्थ काउन्सेलर) या काउन्सेलरच्या लायसन्सकडे जातो. लायसन्सचं नाव राज्यागणिक बदलतं.

गफलत होते ती पदवीच्या नावामुळे. अभ्यासक्रम केकरेप-मान्य (CACREP, काउन्सेलिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) आहे का, हे प्रवेशाआधीच पाहा. तसा असेल तर ६० क्रेडिट्स, १०० तासांचा प्रॅक्टिकम (इंटर्नशिपआधीचा प्रत्यक्ष सराव) आणि ६०० तासांची इंटर्नशिप त्यातच होते. ४८ क्रेडिट्सची पदवी स्वस्त पडते खरी, पण राज्य बदललं की अनेकदा उरलेले विषय नंतर शिकावे लागतात. प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवा, राज्याचं लायसन्स देणारं बोर्ड पुढे कधीही मागू शकतं.

पदवीनंतरचे सुपरवाइज्ड तास, म्हणजे सुपरवायझरच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास, अनेक राज्यांत ३००० च्या आसपास असतात. अनेक ठिकाणी आधी असोसिएट (पूर्ण लायसन्सच्या आधीचं तात्पुरतं) लायसन्स हातात हवं आणि सुपरवायझरही बोर्डाच्या अटींत बसणारा हवा. त्याआधी केलेलं काम बहुधा मोजलं जात नाही, आणि महिनेच्या महिने वाया जातात. म्हणून नोकरी स्वीकारण्याआधी सुपरवायझरचा लायसन्स क्रमांक बोर्डाच्या संकेतस्थळावर तपासाच.