मदत हवी आहे: अतिथी शिक्षकाचं अडकलेलं मानधन

नमस्कार मंडळी. माझी भाची मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर जिल्ह्यात एका गावात सरकारी प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षिका (मानधनावरची तात्पुरती शिक्षिका) आहे, वर्ग 3 म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या श्रेणीत. दिवाळीपासून मानधन आलेलं नाही. शाळेत विचारलं तर म्हणतात, बिल संकुलात (आसपासच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मुख्य शाळेत) पाठवलंय. संकुलवाले म्हणतात, वरून बजेटच नाही. आम्ही इथे इंदूरमध्ये बसून फोन करतो, तो कोणी उचलत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये मुख्यमंत्र्यांनी मानधन दुप्पट जाहीर केलं, तेव्हा वर्ग 3 चं 5,000 चं 10,000 झालं. घरी पेढे वाटले होते आम्ही! पण महिन्याच्या महिन्याला आलं तर ना ते दुप्पट. खोलीचं भाडं सध्या माझी ताई इथून पाठवते, म्हणजे सरकारी शाळा आमच्या घरच्या पैशावर चाललीय म्हणा. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात मध्य प्रदेशातला सगळ्यात गरीब ठरलेला जिल्हा हा. तिथल्या पालकांकडे खाजगी शाळेचा पर्याय कुठला? ही पोरगी सोडून आली तर नुकसान त्यांचंच.

181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार करावी म्हणतो, पण भाची घाबरते: पुढच्या सत्रात बोलावलंच नाही तर? ते भय खोटं नाही.

तक्रार पालकांच्या नावाने, शाळा व्यवस्थापन समितीकडून करता येते का? की माहिती अधिकारात आधी बिलाची तारीख मागवावी? आपल्यापैकी कोणी शिक्षण खात्यातून निवृत्त असतील, विशेषतः झाबुआ-धार भागात काम केलेले, त्यांनी कृपया सांगावं. अर्जाचा नमुना असेल तर फारच उत्तम.