ग्राफीनच्या लेपाने बर्फाची लादी लवकर होते काय?

खाडीकाठ : कालच्या चर्चेत दर्यादौलत यांनी लिहिले, “ग्राफीनचा लेप दिलेल्या डब्यात पाणी निम्म्या वेळात गोठते, पण कोकणातल्या बर्फ कारखानदारांना गंजके डबे सोडवत नाहीत.” हे वाचून गप्प बसवेना. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. अतिशुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतात, आणि पहिला बर्फकण धरायला योग्य पृष्ठभाग मिळाला तर ते आधीच गोठतात. कार्बनचा सपाट पृष्ठभाग लगतच्या पाण्याचे थर लावून ही सुरुवात सोपी करतो, असे संगणकावरील प्रारूपांत दिसले आहे. परंतु सुरुवात होणे निराळे आणि लादी होणे निराळे. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. ते काम कॉम्प्रेसरचे आहे, लेपाचे नाही. शिवाय विहिरीच्या पाण्यातला गाळ आणि डब्याचा गंज असताना बर्फकण धरायला ग्राफीनची वाट कोण पाहतो?

दर्यादौलत : ग्राफीन तांब्याहून कित्येक पट उष्णतावाहक आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. पुस्तकी हिशेब मांडणाऱ्यांनी हंगामात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या जेटीवर उभे राहावे. आम्ही पूर्ण पैसे मोजून घेतलेली लादी क्रशरमध्ये घातली, तर मधून पाण्याची धार लागली. त्या फेरीची सुरमई मऊ पडली आणि भाव निम्म्यावर आला.

लादीवाला : उष्णता अडते ती डब्याच्या पत्र्यात नव्हे, आधी गोठलेल्या बर्फात. तांब्याची वाहकता ज्या मापाने ४००च्या घरात भरते, त्याच मापाने बर्फाची जेमतेम २ भरते. म्हणून कडेचा थर जाड होत जातो तसा गोठण्याचा वेग मंदावतो आणि गाभा सर्वांत शेवटी धरतो. त्यात वीज गेली की डबे बुडवलेली मिठाच्या थंड पाण्याची टाकी तापू लागते, आणि बाहेर बोटीचा तांडेल “आहे तशी काढा, भरती चुकेल” म्हणून फाटक वाजवत असतो.

दर्यादौलत : म्हणजे पोकळ लादी हा गिऱ्हाइकाचाच गुन्हा! पैसे घेताना मात्र गाभा भरलेला असतो.

लादीवाला : भाषा सांभाळा. उधारीच्या वह्या उघडल्या तर पोकळ कोण, ते सगळ्या बंदराला कळेल.

प्रयोगवही : दोघांचे भांडण जुने दिसते, पण मूळ मुद्दा अर्धाच राहिला. नुसते ‘ग्राफीन’ म्हणून भागत नाही. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात ग्राफीन ऑक्साइडचे, म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनचे, वेगवेगळ्या आकाराचे नॅनोपापुद्रे (अतिसूक्ष्म पापुद्रे) पाण्याच्या थेंबांत घातले होते. ठरावीक आकाराहून मोठ्या पापुद्र्यांनीच बर्फकण धरला, लहान निरुपयोगी ठरले. आणि ती मर्यादाही पाणी किती अतिशीत आहे, म्हणजे शून्याखाली किती अंशांपर्यंत न गोठता राहिले आहे, त्यानुसार बदलली. उलट हेच ग्राफीन ऑक्साइड तयार बर्फकणांना चिकटून त्यांची वाढ रोखते. गोठवलेल्या कोळंबीत तापमान खालीवर झाले की कण मोठे होऊन मांस फाटते, तिथे हा गुण अभ्यासण्याजोगा आहे. अर्थात खाण्याच्या वस्तूत तो वापरावा, असे मी म्हणत नाही.

खाडीकाठ : कोळंबीपुरते मान्य, तेही नाइलाजाने. लादीबाबत माझे म्हणणे जसेच्या तसे आहे.

दर्यादौलत : ठीक. लेपाने गाभा भरत नाही, एवढे आपल्या विद्वत्तेला मान देऊन स्वीकारतो. मग लादी नगावर न विकता वजनावर विका.

लादीवाला : उद्यापासून काटा लावतो. मात्र वजन भरेपर्यंत रांगेत थांबायचे आणि उधारी बंद, हे आधी कबूल करा.