'वाहक' नको, दुसरा शब्द सुचवा

खानापूरहून:
जनुकातल्या दोषामुळं येणाऱ्या बहिरेपणावर गावातल्या आयाबायांसाठी एक पान लिहिते आहे. 'वाहक' शब्दापाशी अडले. मुलाचे आईवडील दोषाचे 'वाहक', आणि चांगलं जनुक कानात नेणारा विषाणू किंवा नॅनोकण (अतिसूक्ष्म कण), तोही 'वाहक'! माझ्या जावेचा मुलगा जन्मापासून ऐकत नाही. तिनं मसुदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे आम्हीच रोग वाहून आणला की." पान खाली ठेवलं ते उचललं नाही.

निपाणीहून:
शिवाय पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत कंडक्टरलाही वाहक म्हणतात, आपल्या कर्नाटकच्या लाल बसमध्ये तो निर्वाहक. कणाला 'वाहन' म्हणा. खंडोबाचं वाहन घोडा, हे लहान पोरालाही कळतं.

बेळगावहून:
'वाहन' अर्थानं बरोबर आहे, कारण अडचण ओझ्याचीच आहे. ऐकण्यासाठी लागणाऱ्या ओटोफर्लिन प्रथिनाचा जनुकातला मजकूर सुमारे 6000 अक्षरांचा, आणि जनुक नेण्यासाठी वापरतात त्या एएव्ही नावाच्या विषाणूत मावतात जेमतेम 4700. म्हणून त्याचे दोन तुकडे दोन विषाणूंतून पाठवतात, पेशीत ते जुळतात. शांघायमध्ये या उपचारानं मुलांना ऐकू येऊ लागल्याचं 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. नॅनोकणात याहून मोठं ओझं मावू शकतं. कोविडच्या एमआरएनए लशीत चरबीचे असेच कण होते. पण कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशींपर्यंत ते पोचवून जनुक पेशीच्या केंद्रकात उतरवणं फार अवघड. नॅनोकणांचं हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत, प्राण्यांवर चाललंय. 'नॅनोकणांचा उपचार आला' असं कृपा करून लिहू नका, लोक शेत विकून धावतील. आणि शब्दच हवा तर 'पुडी' बघा. औषधाची पुडी कुणाला सांगावी लागत नाही.

खानापूरहून:
पुडी घेतली. आईवडिलांपुढचा 'वाहक' काढूनच टाकला. आता असं लिहिलंय: "जनुकाच्या दोन प्रती असतात. आईकडं एक चांगली, एक बिघडलेली, वडिलांकडंही तसंच. म्हणून दोघांनाही नीट ऐकू येतं. दोघांकडून बिघडलेलीच आली तर मुलाला ऐकू येत नाही. दर खेपेला ही शक्यता चारात एक. यात कुणाचा दोष नाही." मामा-भाचीच्या लग्नात दोघांकडं तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, हेही घातलं. आपल्याकडं ते टाळून चालणार नाही.

काल जावेला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे चांगली प्रत पुडीत घालून कानात सोडायची, व्हय?"