प्लास्टिकची झाडं काढून खरी लावली आणि मासे मेले. कुठे चुकलं?

देवगडची सून

नमस्कार. आमची दोन फुटी टाकी आहे, साधारण 55 लिटरची. सासूबाईंच्या खाटेसमोर ठेवलीय. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या उठत नाहीत, दिवसभर गप्पी बघत पडून असतात. एका दुपारी म्हणाल्या, "ह्या झाडांका वारो लागणा नाय काय गो?" टाकीत सगळी प्लास्टिकचीच झाडं. त्या दिवसापासून ती मला बघवेनात. दर रविवारी घासून घासून रंग गेलेला, आणि एका नराची शेपटी तर त्या टोकदार पानांत अडकून फाटलेली.

म्हणून गणपती झाल्यावर एका दिवसात सगळं बदललं. प्लास्टिक आणि रंगीत खडे काढले, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून स्वच्छ केला. किनाऱ्यावरची वाळू तीन-चार पाण्यांनी धुऊन घातली. मळ्याजवळच्या व्हाळातून शेवाळ आणलं, लांब दांड्यांचं, प्रत्येक पेराला चार-पाच बारीक पानं असतात ते, आणि जुड्या बांधून खोचलं. मासे घेतले त्या दुकानदाराने पाणी बदलताना दर वेळी मूठभर खडे मीठ घालायला सांगितलं होतं, तेही घातलं. चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं, मग दांडे काळे पडून तुटायला लागले. अकरा गप्पींपैकी चार गेले. सासूबाई रोज मोजतात. "बाकीचे खंय गेले?" म्हणून विचारलं, तर मी झाडांत लपलेत असं खोटं सांगितलं. ते अजून मनाला लागून आहे.

पाणी कातळावरच्या विहिरीचं, मऊ आहे, डाळ पटकन शिजते. खिडकी पश्चिमेला, दुपारी तीन ते पाच ऊन थेट टाकीवर येतं. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर वगैरे मला झेपणार नाही. पण प्लास्टिक परत घालायचं नाही, हे नक्की.

कुडाळवाला

ताई, पहिला संशय वाळूवर. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसली की समजा चुना आहे. तो पाण्यात उतरून पाणी जड करतो. मी नदीची जाड वाळू वापरतो. दुसरं म्हणजे ऊन. दोन तासांचं थेट ऊन म्हणजे हिरवं पाणी आणि काचेवर शेवाळाचा थर ठरलेला. त्या बाजूला जाड पडदा लावा. साधी पांढरी एलईडी ट्यूब रोज सहा-सात तास पुरे, त्याहून जास्त नको.

आणि व्हाळातलं काही थेट टाकीत घालू नका. त्यातून चतुराच्या अळ्या येतात, त्या गप्पीची पिल्लं फस्त करतात. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, धुवा, मग आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत ठेवा.

हर्णै बंदर

वाळूबद्दल माझं मत वेगळं आहे. जांभ्यातलं विहिरीचं पाणी मऊ असतं, आणि गप्पींना थोडं जड पाणीच मानवतं. त्यामुळे थोड्या शिंपल्यांनी मासे मरणार नाहीत, उलट बरं होईल.

मला वाटतं, खरं कारण एकाच दिवशी सगळं बदलणं हे आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. स्पंजात आणि खड्यांत वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी, आणि झाडं ते खातात. तुम्ही खडे काढले आणि त्याच दिवशी स्पंजही नळाखाली धुतला, म्हणजे जिवाणू जवळजवळ संपलेच. वर शेवाळ कुजलं, त्याने अमोनिया आणखी वाढला. स्पंज नेहमी टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. आणि एक सांगा, तुमच्या नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकते का? क्लोरीन जिवाणूंना मारतं आणि माशांच्या कल्ल्यांनाही त्रास देतं. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग वापरा.

मीठ बंद करा. ते उडून जात नाही, दर वेळी घातलं की साठत जातं, आणि गोड्या पाण्यातली बहुतेक झाडं ते सोसत नाहीत.

आता झाडं. सगळे जावा फर्न आणि अनुबियास सांगतील. दोन्ही चिवट आहेत, फक्त त्यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्याने बांधायचं. पण त्यांची पानं ताठ असतात. तुमच्या सासूबाईंना हलणारं झाड हवंय. व्हॅलिस्नेरिया घ्या. फितीसारखी लांब पानं, फिल्टरच्या धारेत सारखी डोलतात. जड पाण्यात छान वाढतं, म्हणून ती शिंपल्यांची वाळू राहू दे. मुळं वाळूत, पण पानं जिथून फुटतात तो भाग वर हवा. पहिले दोन-तीन आठवडे जुनी पानं विरघळल्यासारखी होतील. उपटू नका, आतून नवीन येतं.

कुडाळवाला

स्पंजाचं माझ्या लक्षातच आलं नाही, बरोबर आहे. रात्री झाडंही ऑक्सिजन ओढतात, तेव्हा हवेचा पंप चालू ठेवा. लाईट जाते म्हणून बॅटरीवरचा एक जवळ असू दे.

देवगडची सून

दीड महिन्याने लिहितेय. टीसीएल टाकतातच, आमच्या वाडीची विहीर दर पावसाळ्यात. आता पाणी बादलीत एक दिवस ठेवते. व्हॅलिस्नेरियाची सहा रोपं कुरिअरने मागवली. दोन कुजली, चार राहिली, आणि त्यांना वाळूतून धुमारे फुटून आता नऊ झालीत. उरलेले सातही गप्पी आहेत, परवा पिल्लं दिसली, पानांच्या मुळाशी लपलेली.

सासूबाईंना खरं सांगितलं. थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग उशी उंच करून मागितली, पिल्लं मोजायला.

एक विचारायचं राहिलं. पानं वरपर्यंत पोचून पाण्यावर आडवी पसरलीत, खाली काळोख होतो. टोकं कात्रीने कापली तर चालतील, की अख्खं पान मुळापासून काढायचं?