वावरात निघालेला जीवाश्म: जागीच ठेवावा की उचलावा?

थरवाचक (धागाकर्ता)
वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याच्या शिवारात नांगरट झाली आणि एखादा पाऊस पडून गेला, की ढेकळांत दगड झालेली हाडं दिसू लागतात. सोबत विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली लीदही. ही लमेटा थरातली, डायनासोरांच्या शेवटच्या काळातली. माझं म्हणणं एकच: हात लावू नका, जागीच ठेवा आणि कळवा.

कारण असं. इतक्या जुन्या हाडाचं वय कार्बन पद्धतीने निघत नाही, ती साधारण 50 हजार वर्षांपलीकडे चालतच नाही. वय कळतं ते थरावरून: खाली कोणता खडक, वर कोणता लाव्हा. थर सुटला की हातात नुसता वजनदार गोटा उरतो. म्हणून तीन फोटो काढा: पट्टी ठेवून जवळून, दोन पावलं मागून, आणि धुरा (शेताचा बांध) किंवा विहीर दिसेल असा लांबून. मोबाइलमधले अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत लिहा. दोनच आकडे लिहिले तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे होते.

वावरवाला
भाऊ, हे पुस्तकात ठीक आहे. वावरात रोटाव्हेटर चालतो. वरच्या 10–15 सेंटिमीटर मातीत जे आहे त्याचा थर कधीच सुटलेला आहे, आणि पुढच्या हंगामात तुकड्याचा चुरा होणार. त्यात आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरलेली माती ओली-सुकी होताना हाड आतून फोडते. तिथं ‘जागीच ठेवा’ म्हणजे ‘मोडू द्या’.

2005 साली पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत गवताचे सिलिकाकण, म्हणजे गवताच्या पेशींत तयार होणारे काचेसारखे सूक्ष्म कण सापडले. डायनासोर असतानाच गवत उगवलं होतं, हे त्यावरून कळलं. लोक ज्याला ‘खडा’ म्हणून धुऱ्यावर फेकतात, त्यात हे होतं. नोंद करून उचललाच पाहिजे.

थरवाचक
नांगराच्या मातीतल्या सुट्या तुकड्याबद्दल अर्धं मान्य. पण सुटा तुकडाही वाट दाखवतो. पाणी उताराकडे वाहतं, म्हणून चढाच्या दिशेने चालत जायचं आणि दर दहा पावलांवर किती तुकडे दिसतात ते मोजायचं. जिथं ते एकदम थांबतात, त्याच्या जरा खाली मूळ थर असण्याची शक्यता असते. सगळे तुकडे एका थैलीत भरले की ही वाटच पुसली जाते.

पिसदुऱ्याच्याच भागात डोंगरगावला 1984 ते 1986 दरम्यान निघालेला इसिसॉरस हा डायनासोर बघा. एकाच प्राण्याची बरीचशी हाडं एकत्र मिळाली, म्हणून 1997 मध्ये त्याचं वर्णन करता आलं. तीच हाडं दहा घरांच्या कोनाड्यांत गेली असती तर?

पानगाळ
दोघंही हाडांवरच अडलात. वणी-चंद्रपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात आणि कामठीच्या खडकात मिळतात ते पानांचे ठसे. जिभेसारखं लांबट, मधोमध ठळक शीर असलेलं पान म्हणजे ग्लॉसोप्टेरिस. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका कधी काळी एकत्र होते, याचा हा मोठा पुरावा. हे ठसे ज्यात असतात तो शेल, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा खडक, उघड्यावर एक पावसाळाही धड टिकत नाही, पापुद्रे सुटतात. इथं मी वावरवाल्यांच्या बाजूने. दगड फुटला की दोन्ही बाजू ठेवा, दोन्हींवर एकच क्रमांक घाला. धुऊ नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. खाणीच्या ढिगाऱ्यावर मात्र परवानगीशिवाय चढू नका, ढीग घसरतो.

आणि दगडाच्या फटीत काळी, नाजूक, फांद्या फुटलेली नक्षी दिसली की ‘नेचं सापडलं’ म्हणून फोटो पाठवू नका. ते बहुतेकदा मँगनीजचे डाग असतात: शीर नाही, देठ नाही, नक्षी फटीच्या कडेपासून आत पसरलेली.

प्राणहिताकाठ
सिरोंच्याकडे उलट. वडधम परिसरात दगड झालेले लाकडाचे ओंडके आहेत. लाकडाची जागा सिलिकाने घेतलेली असल्याने ते ऊन-पावसाला दाद देत नाहीत. त्यांना धोका फक्त हातोड्याचा. आठवण म्हणून कपची काढणाऱ्याला तिथंच थांबवा.

वावरवाला
हे पटलं, ओंडका जागीच राहू द्या. पण हाडाला तडे गेले असतील आणि जाणकार माणूस यायला महिना लागणार असेल तर? बांधून उचलायचं: ओल्या कागदाचे दोन-तीन थर, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरला तर प्लास्टर थेट हाडालाच चिकटतं. पूर्ण घट्ट झाल्याशिवाय उलटवायचं नाही.

थरवाचक
ते शिकलेल्या हातांचं काम. घाईत उलटवलं की खालचा भाग मातीतच राहतो. त्यापेक्षा हाडाभोवतीची माती तशीच ठेवा, वर कोरडी माती आणि गोणपाट टाका, बाजूने चर खणून पाणी वळवा, आणि तेवढा तुकडा वखरातून सोडा. लाकडाचा पांढरा गोंद किंवा व्हार्निश लावू नका. वरचा पापुद्रा ओढला जातो आणि पुढे साफ करणाऱ्याला तो काढता येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. तिथं कळवा, जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागालाही.

वावरवाला
आणि ज्याचं वावर आहे त्याला आधी विचारा. तुरीच्या सऱ्या तुडवून गेलात तर पुढच्या वेळी तो हाड दाखवणार नाही, बांधात गाडून टाकेल.