साउदॅम्प्टन बुडालं ते गोलकिकपासून

दादा, साउदॅम्प्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या २०२४-२५ च्या वाईट हंगामाचं खापर तुम्ही पैशांच्या कमतरतेवर फोडलंत, ते पटत नाही. वरच्या प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाल्यावर खर्च झाला होता, रॅम्सडेलसारखा गोलकीपर आणला होता. घात केला तो खेळाच्या पद्धतीने.

तेव्हाचा मॅनेजर रसेल मार्टिन याचा आग्रह आखूड गोलकिकचा, म्हणजे गोलसमोरून खेळ सुरू करताना चेंडू लांब न मारता जवळच्याच खेळाडूला द्यायचा. सेंटरबॅक (मधले बचावपटू) बॉक्सजवळ, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीजवळ, दोन बाजूंना, फुलबॅक (कडेचे बचावपटू) मैदानाच्या कडांना, मधला मिडफिल्डर स्वतःच्या गोलकडे तोंड करून. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या लीगमध्ये, बरेच संघ मागे सरकून बसतात, तिथे हे खपून जातं. प्रीमियर लीगमध्ये तीन-चार जण माणसाला माणूस धरून अंगावर येतात. मिडफिल्डरला मागचं दिसत नाही, पास जरा हळू आला की चेंडू गेला, आणि तिथून गोल अगदी समोर! ३८ सामन्यांत ८६ गोल खाल्ले, विजय फक्त २, गुण १२. सात सामने शिल्लक असतानाच खालच्या लीगमध्ये जाणं पक्कं झालं. डर्बी क्लबचा २००७-०८ चा ११ गुणांचा प्रीमियर लीगमधला नीचांक कसाबसा टळला.

सोलापुरात पोरांना हे शिकवणाऱ्या कोचनी तर जास्तच जपावं. टणक, कोरड्या मैदानावर चेंडू उसळतो आणि पहिलाच टच फसतो. समोरचे तीन जण बॉक्सच्या कडेला आले की आखूड पास बंद. लांब किक मारायची ती टचलाइनच्या (मैदानाच्या कडेच्या रेषेच्या) बाजूला, मधोमध नाही. आणि किकच्या आधीच आपले तिघे त्या बाजूला सरकलेले हवेत, म्हणजे हेडरनंतर सुटलेला चेंडू आपल्याला मिळतो. मिडफिल्ड मागेच राहिलं तर चेंडू तसाच परत येतो.